क्रीट : सामारिया दरी आईला झेपेल का?

निळाई : सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर जातेय, मुक्काम हानिया शहरात. बाबा भरपूर चालतात, आईचे गुडघे दुखतात. सामारिया दरी करावी का? गाडी लागेलच?

भटकी मावशी : अगं, आईला वरून अजिबात उतरवू नकोस! 16 किलोमीटरची वाट, सुरुवातीलाच दगडधोंड्यांचा खडा उतार. गुडघे तिथेच बोलायला लागतात आणि मधून गाडीरस्ता नाही. त्यापेक्षा होरा स्फाकिऑन बंदराहून बोटीने आगिया रूमेलीला, म्हणजे दरी समुद्राला मिळते त्या खालच्या टोकाच्या गावाला जा. तिथून बाबांबरोबर उलट दिशेने 'लोखंडी दरवाजां'पर्यंत चाल. दोन्हीकडे उंच कडे, मध्ये जेमतेम चार मीटर जागा; दरीचं खरं वैभव तेच. आई तोवर समुद्राकाठी निवांत बसतील. परतीची बोट मात्र सांभाळा, त्या गावाला मोटाररस्ताच नाही. वारा फार असला तर बोटी रद्दही होतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचं विमान धरू नकोस.

रानवारा : हानिया-हेराक्लिऑन बस उत्तम आहे, तेवढ्यासाठी गाडी नको. हेराक्लिऑनजवळच्या क्नॉसॉसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष बघायला सकाळी दार उघडताच पोहोचा, सावली कमी आहे. तिथली मूळ भित्तिचित्रं हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहेत, ते चुकवू नका.

निळाई : मावशी, बोटीचंच ठरवलं. आईला आत्ताच सांगते!