अनुभव धागा: अक्षर मधेच अडकलेला इंग्रजी शब्द तुम्ही कसा शोधता?

मंगळवारपेठकर
काल जेवताना लेकीनं विचारलं, "बाबा, क्यू आहे पण यू नाही असा शब्द सांगा की." मला एकदम अण्णांची वही आठवली.

अण्णा रिटायर झाल्यावर रोज सकाळी करवीर नगर वाचन मंदिरात पेपर वाचायला जायचे. इंग्रजी शब्दकोडं कागदावर उतरवून आणायचे आणि डिक्शनरी घेऊन बसायचे. डिक्शनरी चालते पहिल्या अक्षरावर. तिसरं एक्स आणि शेवटचं एम, असा पाच अक्षरी शब्द हवा असेल तर ती काय करणार? म्हणून त्यांनी दोनशे पानी वही घातली. एका पानावर 'एक्स मधे', एकावर 'झेड शेवटी', एकावर 'क्यू, यू शिवाय'. वाचताना शब्द भेटला की त्या त्या पानावर नोंद. क्यूच्या पानावर फकीर, निकाब, तलाक आणि क्यू-ए-टी, म्हणजे येमेनमधे चघळतात तो पाला. शेजारी बारीक अक्षरात तारीख.

तुमच्या घरी असं कोण होतं? लिहा.

रंकाळा_फेरी
मॅक्झिम! आता बाकीचं वाचतो.

मंगळवारपेठकर
नाद खुळा भावा. त्या पानावर दुसऱ्याच ओळीत आहे.

शाहूपुरीची_लेक
आमच्याकडं स्क्रॅबल, अक्षरांच्या सोंगट्या पटावर जोडून इंग्रजी शब्द लावायचा खेळ. २०१९ च्या पुरात डबा चिखलात गेला. आईनं सोंगट्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. १०० पैकी झेड काही मिळेना, आणि झेड असतो एकच. मग तिनं ब्लाउजच्या पांढऱ्या बटणावर बॉलपेननं झेड काढला, खाली १०. पिशवीत हात घातला की बटण बोटाला कळायचंच, म्हणून नियम केला: ज्याच्या हाताला लागेल त्यानं ते घ्यायचंच, सोडायचं नाही.

कुकरची_शिट्टी
किती गोड 😊 बटण आहे का अजून?

शाहूपुरीची_लेक
आहे. आई नाही. दिवाळीच्या आधी गेली.

कुकरची_शिट्टी
अगं… सांभाळ गं. खेळत राहा तो सेट, मोडू नको.

तबलजी_राजारामपुरी
सात सोंगट्यांत कव्वाली लागली होती मला! क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या कॉलिन्सच्या यादीत आहे. पटावरच्या रंगीत घरांचे जादा गुण सोडून २२, सातही सोंगट्या संपल्या म्हणून वर ५०. समोर मेव्हणा होता. त्यानं यादी उघडून बघितली, मग चहा टाकायला उठला. बासुंदी चहा, लई भारी करतो तो.

रंकाळा_फेरी
बासुंदी चहा कुठल्या दुधाचा? आमच्याकडं हल्ली घट्टच होत नाही.

तबलजी_राजारामपुरी
म्हशीच्या. गायीचं घेऊन काय होणार?

पन्हाळा_ते_पावनखिंड
स्वर नसलेले शब्द माझा आवडता प्रांत. रिदम, निम्फ, लिंक्स सगळ्यांना माहीत. पण सी-डब्ल्यू-एम? डोंगरातली वाटीसारखी दरी, मूळ वेल्श. एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूच्या वाटेवर वेस्टर्न कूम लागते ती हीच. गिर्यारोहणावर वाचताना भेटला तो शब्द, आणि हातात नुसती व्यंजनं आली की आता तोच वाचवतो.

सकाळी_वर्डल
वर्डलवाल्यांसाठी, म्हणजे सहा संधींत पाच अक्षरी शब्द ओळखणाऱ्यांसाठी. शेवटी आय-जी-एच-टी हिरवं झालं, म्हणजे जागेसकट बरोबर आलं, की लाईट, माईट, साईट, एट करत बसू नका, सहा संधी तिथंच संपतात. मधे 'स्मेल्ट' टाका. एस, एम, ई, एल एका झटक्यात तपासून होतात. हार्ड मोडमधे मात्र चालत नाही हे, तिथं सापडलेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात.
भाजी लागली वाटतं, आले.

बिंदू_चौक
आता कशाला एवढी खटपट? शब्द शोधायच्या साइटवर माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकायची, यादी समोर.

मंगळवारपेठकर
लेक तेच करते दादा. यादी येते, खेळ संपतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा विचारते. अण्णांना मात्र वहीतला शब्द कुठल्या पेपरात भेटला तेसुद्धा आठवायचं. मला त्यांचीच रीत पटते.

बिंदू_चौक
तुमचं पटतं, पण यादीला कमी लेखू नका. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. फ्रेंच बोलता येत नव्हतं, शब्द पाठ केले होते. स्पर्धेतली माणसं दोन अक्षरी शब्दांपासूनच सुरुवात करतात. क्यू-आय एवढा एक पाठ असला तरी क्यू अंगावर राहत नाही. अमेरिकेच्या यादीत तो २००६ ला आला.

कुकरची_शिट्टी
आम्ही नाव-गाव-फळ-फूल इंग्रजीत खेळायचो. एक्स आला की सगळ्या जणी झायलोफोन लिहायच्या, मग सगळ्यांना निम्मेच गुण 😄

पन्हाळा_ते_पावनखिंड
मंगळवारपेठकर, क्यूच्या पानाचा फोटो टाका की.

मंगळवारपेठकर
टाकतो संध्याकाळी. लाईट गेलीय, चार्जिंग पण संपत आलंय.

शाहूपुरीची_लेक
तोवर मला सांगा, शेवटी 'जे' अक्षर असलेले शब्द कुठले चालतात? भाचा समोर बसलाय, अडलोय.

तबलजी_राजारामपुरी
राज, ताज, हाज. आणि सहा सोंगट्या असतील तर स्वराज, एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे.

शाहूपुरीची_लेक
ताज बसला! थँक्यू दादा.