छोट्या क्लबची मोठी उडी – तुम्ही कुठे होतात त्या रात्री? (अनुभव)

मेनरोडवाली
काल थंडी एकदम वाढली म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली. स्वेटरांच्या खाली बाबांचा मफलर निघाला, पांढरा-निळा-केशरी. लेक तोच गळ्यात घालून क्लासला गेला आणि मी तिथेच ट्रंकेजवळ बसून राहिले.

बाबा सातपूरला कंपनीत होते. १९८८ साली कंपनीने त्यांना सहा महिने ट्रेनिंगला इंग्लंडात पाठवलं, लुटन नावाच्या गावी. गाव गाड्यांच्या कारखान्याचं आणि त्याआधी टोप्यांचं, म्हणून तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावही हॅटर्स. बाबांची खोली बरी पार्क भागात, देशी दुकानांची वस्ती, आणि स्टेडियम तिथेच घरांच्या रांगेत घुसलेलं. पाहुण्या टीमच्या लोकांचं गेट तर चक्क घरांच्या खालून! पण तेव्हा मारामाऱ्यांमुळे पाहुण्या प्रेक्षकांना बंदी होती आणि मेंबर कार्डाशिवाय आत सोडत नव्हते. बाबांकडे कार्ड कुठलं. मग ते शनिवारी बाहेर गल्लीत उभे राहून नुसता आवाज ऐकायचे. गोल कुणाचा झाला ते आवाजावरून कळतं म्हणायचे.

२४ एप्रिल १९८८ ला लुटनने लीग कप जिंकला, आर्सेनलला ३-२ हरवून. आर्सेनल २-१ ने पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली, लुटनच्या गोलकीपरने अडवली, आणि मग शेवटच्या मिनिटाला ब्रायन स्टीनचा गोल. बाबांनी घरमालकाकडे टीव्हीवर बघितलं. दुसऱ्या दिवशी घरमालकाने हा मफलर दिला. पुढे तीसेक वर्षं नाशिकच्या थंडीत फर्स्ट शिफ्टला बाबा तोच गुंडाळून सायकलवर जायचे.

२००९ ला घरी नेट आलं. बाबांना म्हटलं काय बघायचंय, तर म्हणाले लुटन बघ. बघितलं तर क्लबला त्या सीझनला उणे ३० पॉइंटांवरून सुरुवात करायला लावलेली, आधीच्या चालकांच्या पैशाच्या घोळामुळे, आणि ते चार डिव्हिजनच्याही खाली फेकले गेलेले. बाबा काही बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला. त्यानंतर दर रविवारी सकाळी पेपरच्या आधी स्कोर बघायचा हा नेम. पाच सीझन तिथे काढले, २०१४ ला वर आले, मग २०१८, २०१९.

२०२१ ला बाबा गेले.

२७ मे २०२३, वेम्बली, समोर कॉव्हेंट्री, जिंकलं की थेट प्रीमियर लीग. घरात सगळे झोपलेले, मी गॅलरीत मोबाईलवर नुसती अक्षरं रिफ्रेश करत बसलेले. कॅप्टन लॉकयर सुरुवातीलाच मैदानात कोसळला, त्याला हॉस्पिटलात नेलं. १-१. पेनल्टी. पाच-पाच झाल्या तरी दोघं सारखेच. सहावी लुटनने मारली, कॉव्हेंट्रीची बारवरून गेली. आमच्याकडे बारा वाजून गेले असतील, रस्त्यावर एक कुत्रं नाही, आणि मी गॅलरीत उभी राहून रडतेय. आई उठून आली. मी म्हटलं, बाबांचं लुटन वर गेलं. ती म्हणाली, थांब, देवापाशी दिवा लावते. रात्री साडेबाराला.

तुमचंही असं कुणी असेल तर लिहा. क्लब कुठलाही चालेल.

सिडकोकर
ताई 🙏 सकाळी सकाळी रडवलंत

अंबड सेकंड शिफ्ट
फर्स्ट शिफ्ट सायकल मफलर हे वाचून आमचे दादाच आठवले. त्यांचा मफलर साधा खाकी होता पण वास तोच असणार, ग्रीस आणि खोबरेल. त्या वेळी त्र्यंबक रोडला सकाळी सहाला सायकलींची रांग असायची. आता बाईकच बाईक. फुटबॉलचं मला विशेष कळत नाही पण वाचतोय, लिहा सगळे

देवळालीकर
त्या मॅचमधला एम्पान्झू विसरू नका!! २०१३ ला आला तेव्हा लुटन पाचव्या लेव्हलला, आणि त्याच क्लबसोबत एकेक पायरी चढत प्रीमियर लीगपर्यंत खेळला. असं करणारा तो पहिलाच. आपल्याकडे पोराला एक सीझन बेंचवर बसवलं की पालक अकॅडमी बदलतात. मी कॅम्पात लहान मुलांना शिकवतो, दर वर्षी त्यांना ही गोष्ट सांगतो.
आणि हो, लॉकयर बरा झाला, परत खेळला, मग डिसेंबरात बोर्नमथला मैदानातच त्याचं हृदय थांबलं, डॉक्टर लोकांनी वाचवला. तेव्हापासून मी सीपीआर शिकून घेतलं. ग्राउंडवर पोरं असतात, आपल्याला यायलाच पाहिजे

सिडकोकर
@देवळालीकर सर सीपीआर कुठे शिकवतात? आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपला पाहिजे, सगळे साठीचे आहेत

देवळालीकर
मेसेज करतो

कोल्हापूरची सून
माझं माहेर नाशिक रोड, सासर कोल्हापूर. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की इथे पाटाकडील आणि शिवाजी तरुण यांची मॅच असेल तर घरात स्वयंपाक लवकर. सासूबाई स्वतः शाहू स्टेडियमला जायच्या. त्यामुळे तुमच्या आईंनी दिवा लावला यात मला जराही नवल नाही, आमच्याकडेही लागला असता.
माझी आठवण मिझोरामच्या ऐझॉल क्लबची. २०१६ ला ते आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली गेलेले, मग परत घेतलं, आणि पुढच्याच सीझनला चॅम्पियन! मोहन बागान, बंगळुरू सगळ्यांच्या वर. ३० एप्रिल २०१७, शिलाँगला शेवटची मॅच, बरोबरी पुरेशी होती पण गोल आधी समोरच्यांनी केला. दीर, सासरे, मी, कुकर गॅसवर, शिट्ट्या कुणी मोजल्याच नाहीत. १-१ झालं तेव्हा डाळ खाली लागली होती. ईशान्येतला पहिला चॅम्पियन. सासरे म्हणाले डोंगरातली पोरं जिंकली, आपली पेठेतली पण जिंकतील एक दिवस. ते वाक्य मी धरून आहे

देवळालीकर
आणि कोच खालिद जमील! त्याआधी मुंबई एफसीला किती वर्षं. तिथून सुटला आणि ऐझॉलला जाऊन चॅम्पियन केलं. आता भारताचा कोच. मी त्याच्या मुंबईच्या मॅच बघायला पंचवटी एक्सप्रेसने जायचो, कूपरेजला, रात्री परत यायला एसटी

अंबड सेकंड शिफ्ट
पंचवटीचा पास किती होता तेव्हा?

देवळालीकर
पास नाही हो, चालू तिकीट, दारात उभं राहून

बर्लिनहून
मी मूळची कॉलेज रोडची, आता इथे आठ वर्षं. २७ मे ही तारीख वाचली आणि थांबले. इथला क्लब युनियन बर्लिन बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदा गेला तो दिवसही २७ मेच, २०१९. श्टुटगार्टला २-२, मग इथे ०-०, समोरच्यांच्या मैदानावर मारलेल्या दोन गोलांच्या जोरावर वर. मी मॅच बघत नव्हते, ट्राममध्ये होते. ट्राम पुढे जाईचना, माणसंच माणसं, एक आजोबा माझ्यासमोर हुंदके देत होते. मला जर्मन धड येत नव्हतं, मी त्यांना पाण्याची बाटली दिली.
या क्लबकडे एकदा पैसे नव्हते तर लोकांनी रक्तदान करून ते पैसे क्लबला दिलेत. स्टेडियम पडायला आलं तर २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त लोकांनी स्वतः राबून बांधलं, फुकट. गवंडी, सुतार, नर्स, कुणीही. आपल्याकडे गावात देऊळ बांधतात तसं.
पण मेनरोडवाली, तुम्हाला सांगायचंय ते हे. ऑगस्टमध्ये बुंडेसलीगातली पहिली मॅच घरच्या मैदानावर होती. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले. वडील, आजोबा, मित्र, ज्यांना हा दिवस बघायला मिळाला नाही ते सगळे. स्टँडभर ते चेहरे. लाइपझिगकडून ०-४ हरले आणि तरी कुणी घरी जात नव्हतं.

मेनरोडवाली
हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणाली, म्हणजे आपण एकटेच नव्हतो.

गंगापूर रोड ९१
लुटन दुसऱ्या वर्षी परत खाली आलं ना? मग त्याच्या पुढच्या वर्षी अजून एक खाली

मेनरोडवाली
हो आलं. मी अजूनही रविवारी सकाळी बघते.

गंगापूर रोड ९१
वाईट वाटावं म्हणून नाही म्हटलं ताई. मी पण बघेन आता. रविवारी इथेच स्कोर टाकत जा

सिडकोकर
मुलगा खेळतो का फुटबॉल?

मेनरोडवाली
हो, शाळेच्या टीममध्ये, लेफ्ट बॅक. पावसाळ्यात काळ्या मातीत बरबटून येतो, बूट धुवायचं काम माझं.

देवळालीकर
रविवारी सात वाजता कॅम्पात आणा. फी वगैरे काही नाही

कोल्हापूरची सून
मफलर लोकरीचा असेल तर मशीनला टाकू नका हं. गार पाणी, रिठा, पिळायचा नाही, सावलीत सपाट पसरून वाळवायचा. आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा पाला ठेवा, वास जाणार नाही

मेनरोडवाली
धुणारच नाहीये. लेक क्लासहून आला तो अजून गळ्यातच आहे, जेवतोय पण तसाच. सकाळी सातला कॅम्पात थंडी असेल ना, तिथेही तोच घालून पाठवते.