मदत हवी आहे: सोलरवर गाडी चार्ज करायची तर 3 किलोवॅट पुरेल का 5 बसवू?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा, टियागो ईव्ही घ्यायचं घरात पक्कं झालंय, 24 किलोवॅट अवर बॅटरीवाली. रोज भुसावळला जाऊन येऊन पन्नासेक किमी होतं म्हणजे गाडीलाच 7-8 युनिट लागणार आणि घरचा वापर वेगळा. सोलरवाला म्हणतो 3 किलोवॅट बास, सबसिडी पण 78,000 च्या वर मिळत नाही. पण 3 किलोवॅटचे दिवसाला 12 युनिट धरले तरी आपल्याकडचा मे महिना बघा ना, हवाच 44-45 डिग्री, पॅनल तर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि 25 च्या वर प्रत्येक डिग्रीला थोडी थोडी वीज कमी होते, त्यात दिवसभर कूलर चालू.

दुसरं म्हणजे गाडी दिवसा भुसावळला उभी, चार्जिंग रात्रीच, म्हणजे सगळा भरवसा नेट मीटरिंगवर (दिवसा जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, ती रात्रीच्या वापरातून वजा होते). आणि लाईट गेली की ऑनग्रिड (बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टर पण बंद पडतो, मग बॅटरी जोडता येणारा हायब्रिड घ्यावा का? बॅटरीचा खर्च झेपेल असं वाटत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडं कोणी असं करतंय का? उन्हाळ्यात खरे किती युनिट पडतात, मीटरचा मंजूर लोड (वीज कंपनीने ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा) वाढवावा लागला का, 16 अँपिअरच्या पॉईंटला वायर आणि अर्थिंग वेगळं केलं का, प्लीज सांगा, ऑर्डर द्यायची थांबलोय.