मदत हवी आहे: डोनर एगसाठी प्राग की पुणे?

नमस्कार मंडळी, हा आयडी मुद्दाम नवीन काढलाय, ओळखीतले बरेच जण इथे असतात म्हणून. आम्ही दोघं मूळचे पुण्याचे, सध्या जर्मनीत एरलांगनला. माझं वय ३९, एएमएच (अंडाशयात किती एग्ज उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.४, म्हणजे फारच कमी. इथे आयव्हीएफच्या दोन सायकल झाल्या, पहिल्यात तीन एग्ज मिळाली, दुसऱ्यात एक, आणि त्या एकाचंही पुढे काही झालं नाही. इन्शुरन्सने निम्मे पैसे दिले खरे पण ते चाळिशीच्या आतच देतात, म्हणजे तेही आता संपत आलंच. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या की स्वतःच्या एग्जवर आता पैसे घालू नका, आणि पुढे गप्पच बसल्या. कारण जर्मनीत डोनर एगला, म्हणजे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यायला, १९९१ पासून बंदी आहे. स्पर्म डोनर चालतो, एग डोनर नाही, यातलं लॉजिक कुणाला कळलं असेल तर मलाही सांगा. शिक्षा डॉक्टरला होते, पेशंटला नाही, त्यामुळे इथले लोक गुपचूप चेक रिपब्लिक नाहीतर स्पेनला जाऊन येतात.

स्पेनचं कोटेशन ९ हजार युरोच्या वर गेलं, तो विषय तिथेच बंद केला. प्रागचं साडेसहा हजार, त्यात औषधं धरलेली नाहीत, उरलेले एम्ब्रियो (फलित झालेली एग्ज) फ्रीज करायचे तर त्याचे वेगळे. पण न्युर्नबर्गहून बसने चारेक तासांत पोचतो, रजा फार लागत नाही. पुण्यात साडेतीन लाख सांगितले, ऐकायला निम्मे वाटतात, पण दोघांची तिकिटं आणि माझी महिनाभराची बिनपगारी रजा धरली की फरक फारसा उरत नाही.

खरी अडचण पैशांची नाहीये बहुतेक. प्रागच्या क्लिनिकने फॉर्म पाठवला, त्यात डोळ्यांचा रंग निळा, हिरवा, करडा, तपकिरी, केसांचे पाच-सहा प्रकार, उंची, वजन, ब्लड ग्रुप. मी तपकिरी-काळे असं भरून दोघांचे फोटो जोडले. दोन दिवसांनी मेल आली, डार्क ब्राउन केसांची छान डोनर आहे, २६ वर्षांची, त्वचा थोडी सावळी. त्यांची सावळी म्हणजे आपल्याकडची गोरीपान हो! नवरा म्हणतो काय फरक पडतो, आपलं ते आपलं. मलाही तसंच वाटतं, दुपारपर्यंत. रात्री झोपताना बारशाला जमलेल्या बायका डोळ्यापुढे येतात, नाक कुणाचं, रंग कुणाचा. सासूबाईंना अजून यातलं काहीच माहीत नाही.

तर प्रश्न असे की पुण्यात हल्ली डोनर मिळायला किती थांबावं लागतं, प्रागमध्ये कुणाला भारतीय दिसणारी डोनर मिळाली का, आणि बाळ जर्मनीत जन्मलं तर कागदपत्रांत आई म्हणून माझंच नाव लागेल ना? हा शेवटचा प्रश्न विचारतानाही हात थरथरतोय.

बेलाचं पान: ताई, आमचं २०२३ ला पुण्यातच झालं. २०२२ पासून एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) लागू आहे, त्यामुळे जुन्या लोकांचे अनुभव धरून चालू नका. डोनर २३ ते ३५ वयाची लागते, तिला आयुष्यात एकदाच देता येतं, तिच्याकडून जास्तीत जास्त ७ एग्ज काढता येतात आणि ती सगळी एकाच जोडप्याला. पूर्वी एका डोनरचा खर्च दोघातिघांत वाटला जायचा, आता सगळा आपल्या अंगावर, शिवाय तिचा १२ महिन्यांचा विमा. आम्ही चार महिने थांबलो. ७ पैकी ५ फर्टिलाइज झाली, पाचव्या दिवसापर्यंत २ राहिली, दुसऱ्याने आमचा मुलगा झाला. डोनर क्लिनिकने परस्पर आणायची नसते, रजिस्टर्ड एआरटी बँकेकडूनच (डोनर पुरवणारी संस्था) यावी लागते, तो रजिस्ट्रेशन नंबर आधी मागून घ्या. आणि एम्ब्रियो पुढे जर्मनीला नेऊ असा विचार असेल तर त्याला या कायद्याखालच्या नॅशनल बोर्डाची परवानगी लागते, म्हणून ट्रान्सफर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं) इथेच उरकून जा.

साखरभात: मी युकेत आहे. इथे भारतीय डोनर फार कमी, वेटिंगच एवढं की आम्हीही शेवटी बाहेर गेलो. एक गोष्ट बघा, चेक आणि स्पेनमध्ये डोनर कायमची निनावी राहते. इथे एप्रिल २००५ नंतरच्या डोनरची माहिती मूल १८ वर्षांचं झालं की मागू शकतं. तुम्हाला यातलं काय हवंय ते पैशांच्या आधी ठरवा, नंतर बदलता येत नाही. प्रागला किती एग्जची गॅरंटी देतात असं विचारू नका, किती ब्लास्टोसिस्टची (पाचेक दिवस वाढलेला एम्ब्रियो) देतात ते विचारा, आणि ते लेखी घ्या.

उंबरठा: म्युनिकहून. निर्धास्त राहा, जर्मन कायद्यात जी बाळाला जन्म देते तीच आई, एग कुणाचं हे कुणी विचारत नाही. पण तुमच्या गायनॅकला मात्र सांगा, डोनर एगच्या प्रेग्नन्सीत बीपी वाढून प्रीक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला धोकादायक आजार) व्हायची शक्यता जास्त असते, ते आधीपासून लक्ष ठेवतील. ते गुप्तताही पाळतात. मी पाचव्या महिन्यापर्यंत लपवलं होतं, उगाच.

धागाकर्ती: तिघांचेही खूप आभार, ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून वाचलं सगळं. ब्लास्टोसिस्टचं माहीतच नव्हतं, आत्ताच प्रागला मेल टाकली. बेलाचं पान, तुमच्या बँकेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करणार का? दिवाळीला तसंही पुण्याला यायचंय, तेव्हाच जाऊन येऊ. सासूबाईंना देवदर्शनाला जातोय असं सांगू.