चेहऱ्याची कळ सातव्या नाही, पाचव्या नसेतून जाते
चेहऱ्याची कळ फेशियल नर्व्हमधून मेंदूकडे जाते असं कुणी म्हटलं, तर ते बरोबर नाही. ती मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी सातवी, आणि मुख्यतः चेहऱ्याचे स्नायू हलवते. हसणं, डोळे मिटणं हे तिचं काम. स्पर्श, वेदना, गार-गरम पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल नस नेते. कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा तिच्या तीन शाखा. दातही तिच्याकडेच, आणि घोळ तिथेच होतो.

माझ्या आईच्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ यायची. पंख्याचा वारा लागू नये म्हणून ती गालावर पदर धरून बसायची. दाढेचं दुखणं समजून दोन दाढा काढल्या, कळ तशीच. शेवटी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे याच पाचव्या नसेचं दुखणं निघालं. कार्बामाझेपिन हे औषध सुरू झालं आणि काही दिवसांत ती त्या बाजूने घास चावू लागली.

आणखी एक. स्पर्शाचे बहुतेक तंतू मेंदूच्या देठात, पॉन्समध्येच थांबतात. वेदनेचे मात्र आधी खाली, मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरतात. तिथून पुढचा निरोप दुसऱ्या बाजूला ओलांडून थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूत आत संवेदना पुढे पाठवणाऱ्या भागाकडे चढतो. मानेच्या वरच्या नसाही तिथेच येऊन मिळतात, म्हणून मानेचं दुखणं कधीकधी कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवतं.