ग्रामसभा, आमसभा, जनता दरबार: कुठे काय मागायचं? (कोकणातले अनुभव)

लोकप्रतिनिधींना जाब विचारायला म्हणून आपण सभेला जातो आणि बऱ्याचदा फक्त भडास काढून परत येतो. प्रश्नाचं उत्तर जबाबदार माणसाच्या तोंडून घेऊन ते इतिवृत्तात उतरवणं, यासाठी सभा असते. कोकणात ज्यांनी सभा भरवल्यात, इतिवृत्त लिहिलंय किंवा ठरावांच्या मागे धावलेत, त्यांनी नेमकं लिहावं. पक्ष बाहेर ठेवा.

ग्रामपंचायतीचं कामकाज, राजापूर

ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 7: आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. आपल्याकडे यादीतली कितीतरी माणसं मुंबईला, त्यामुळे कोरम अडतो आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. पहिल्या दिवशी वैतागून घरी गेलेले पुन्हा फिरकत नाहीत, मग चार टाळकी गावाचा विकास आराखडा मंजूर करून मोकळी. तहकुबीची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या.

विषय ऐनवेळी मांडण्यापेक्षा नोटीस निघण्याआधी लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. ठरावात ‘पाण्याची सोय करावी’ असं मोघम लिहिलं की त्याचं पुढे काहीच होत नाही. कुठल्या वाडीतली कुठली विहीर, गाळ काढायचा की कठडा बांधायचा, ते लिहा. सूचक-अनुमोदकांची नावं घाला. हजेरीच्या सह्या आधी होतात आणि ठराव मागाहून लिहिला जातो, म्हणून सभा संपायच्या आत तो वाचून दाखवायला सांगा.

निधीही बघून ठेवा. 15व्या वित्त आयोगात 2021 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. त्या पैशातून सभामंडप मागितला तर सरपंच ‘नाही’ म्हणणारच, आणि ते बरोबरच आहे.

रस्त्यांची कामं, गुहागर

आमदारांपुढे सर्वात जास्त निवेदनं पाखाडीची (पायऱ्यांची पायवाट) आणि वाडीच्या रस्त्याची. ती अडतात जमिनीवर. आधी ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, उघडायला लावा. तिथे नोंद नसेल तर निधी जाहीर झाला तरी काम सुरू होत नाही. सातबारावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे डोंबिवली-विरारला. संमतीपत्रावर सह्या घ्यायचा मोसम म्हणजे गणपती आणि शिमगा, तेव्हाच सगळे गावात सापडतात. संमतीपत्रं जोडलेलं निवेदन असलं की बोलणं पाच मिनिटांत संपतं.

रस्ता कुणाचा तेही बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. चुकीच्या खात्याला विचारलं की ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर तयार असतं.

बचत गट, दापोली

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकतात, कारण वेळ सकाळी अकराची. त्या वेळी कोळीवाड्यातल्या बाया बाजारात आणि जुलैत वरच्या वाड्यांतल्या भातलावणीला. दुपारी चारची वेळ लेखी मागा. महिला सभेतले विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलेत का, तेही तपासा.

पंचायत समिती, देवगड

तालुक्याच्या आमसभेत अध्यक्ष आमदार, आणि समोर महावितरण, एसटी, आरोग्य, बांधकाम, पाणीपुरवठा असे सगळे खातेप्रमुख. आमदार स्वतः खांब बदलत नाही. पण उपअभियंत्याला सगळ्यांसमोर तारीख सांगायला लावू शकतो, आणि आमसभेचा उपयोग तोच. पहिला तास मागच्या आमसभेच्या ठरावांवर काय झालं त्या अनुपालन अहवालावर जायला हवा. तो विषय ‘वाचला असे समजून’ पुढे ढकलला जात असेल तर उठून हरकत घ्या. प्रश्न आधी लेखी दिला नसेल तर ‘माहिती घेऊन कळवतो’ ऐकायची तयारी ठेवा. खातेप्रमुखाने बदली माणूस पाठवला असेल तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

रत्नागिरी

पालकमंत्र्यांचा जनता दरबार आणि लोकशाही दिन यांची गल्लत होते. लोकशाही दिन जिल्हाधिकारी घेतात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, 15 दिवस आधी. न्यायप्रविष्ट प्रकरणं आणि नोकरीविषयक तक्रारी तिथे घेत नाहीत. गाऱ्हाणं वैयक्तिक असावं लागतं, वाडीचा सामायिक प्रश्न तिथे नेऊ नका.

अलिबाग

प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीबद्दल थोडक्यात. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 30 दिवसांची नोटीस लागते, कोरम नसतो आणि मतदानही नसतं. आमदार कितीही जोरात बोलले तरी ते नोंदवलेलं एक मतच, तुमच्या मताइतकंच. लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. शेवटी कामकाज स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. तोपर्यंत थांबा, कारण मुद्दा गळला असेल तर तो तेव्हाच दाखवता येतो.

मालवण

सुरुवातीच्या भडासवाल्या वाक्याशी असहमत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळातल्या सभेला अख्खं बंदर येऊन बसलं की अधिकाऱ्याचा सूर बदलतो. कागद हवाच, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर दिलेल्या तारखेला कोणी विचारत नाही. फक्त बोलणारे तिघं आधी ठरवा: एक जेटीवर, एक डिझेल परताव्यावर, एक परराज्यातल्या ट्रॉलरवर. बाकीच्यांनी बसून राहायचं.

राजापूर (पुन्हा)

हे पटलं. इतिवृत्ताची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा, 30 दिवसांची मुदत असते. सभेची तारीख आणि ठराव क्रमांक अर्जात लिहा, नाहीतर ‘माहिती मोघम आहे’ म्हणून परत येतो.