माळा काढलात का? आवरायला घेतलेलं आणि (कधीतरी) संपलेलं : तुमचे अनुभव

आज बऱ्याच वर्षांनी खाली बोहारणीची हाक ऐकली आणि चाळीतलं घर आठवलं. पितृपक्ष लागला की आई माळा काढायची. त्या दिवसांत कार्यं नाहीत, खरेदी नाही, आणि घटस्थापनेच्या आत घर लख्ख झालंच पाहिजे. म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही पंचांगानेच ठरवलेले. सगळं सामान गॅलरीत, आणि येणारा-जाणारा "अजून चाललंय का?" विचारणार. त्या लाजेनेच निम्मं काम व्हायचं.
आता फ्लॅटच्या लॉफ्टला शटर आहे. आतलं कोणाला दिसत नाही, मलाही नाही. गणपतीला मखर काढायला उघडतो, विसर्जनानंतर मखर ढकलून बंद करतो.
सुरुवात कशी करता? आणि संपवता कशी? मला दुसरा प्रश्न जास्त छळतो.

पोह्यांवर_शेव
सत्यनारायण घाला. गुरुजींची तारीख मिळाली की घर आवरतंच. निदान हॉल तरी. बाकीचं बेडरूममध्ये कोंबून कडी.

रत्नांग्रीकर
आमच्याकडे उत्साहबित्साह लागत नाही, बुरशी लागते. पाऊस संपेस्तोवर पट्टे, चपला, पुस्तकं, सगळं हिरवं. उन्हात काढावंच लागतं. आणि एकदा अंगणात आलं की सासूबाई निम्मं परत आत येऊ देत नाहीत. वाळवीने खाल्लेल्या लग्नाच्या अल्बमवरून मात्र अजून बोलणी खातोय, ते जाऊ दे.

झुळूक७
मखर थर्माकोलचं आहे का? आमचं तसंच आहे. 2018 मध्ये बंदी आली तेव्हापासून वरच. वापरता येत नाही, टाकवत नाही. बाबांनी रात्र रात्र बसून महिरप कापली होती हो.

कुकरची_शिट्टी
कुकर लावला की एक खण. शिट्ट्या झाल्या की थांबायचं, मग मन कितीही म्हणो. अख्खं कपाट एकदम पलंगावर ओतायचं नाही!! रात्री झोपणार कुठे?
संपवायचं तर भंगारवाल्याला आधी बोलवा, मग आवरायला घ्या. तो काटा घेऊन दारात उभा राहिला की "असू दे, लागेल कधीतरी" तोंडातून निघत नाही.

जर्सीची_सून
इथे बेसमेंट आहे, म्हणजे उलटा माळा. आई येते, शिक्का सहा महिन्यांचा मिळतो, तेवढ्यात सगळं लावून जाते. श्रीखंडाचे रिकामे डबे मात्र तिनेच जमवलेत, त्यांना हात लावायचा नाही.

मधलं_बोट
लॉफ्ट आवरताना सासऱ्यांच्या ट्रंकेत कागदी शेअर सर्टिफिकेटं मिळाली. झालं! आवरणं तिथेच राहिलं. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाचे इलेक्ट्रॉनिक करून घ्यायचे. त्यात ते वारलेले, म्हणजे वारसाची कागदपत्रं. त्यात सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही म्हणून शेअर गेले आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे. आता ते परत मिळवायला आयईपीएफ-5 फॉर्म भरतेय. ट्रंक हॉलमध्येच, तिच्यावर टीव्हीचा रिमोट असतो.

पोह्यांवर_शेव
@मधलं_बोट किती निघाले ते सांगा, मग आम्हीही माळा काढतो 😀

मधलं_बोट
आधी हातात येऊ देत!

रत्नांग्रीकर
फॉर्मवरची सही आणि आधारवरचं स्पेलिंग जुळवून घ्या आधी. आमचं तिथेच अडलंय. वेगळा धागा काढा ना यावर.

सांजवेळ
सगळं वाचतेय. मला यांचं कपाट आवरायचंय. वर्षश्राद्धाच्या आत कर म्हणतात सगळे. दार उघडते, इस्त्रीचे शर्ट बघते, लावते.

कुकरची_शिट्टी
ताई, ते धाग्यात धरूच नका. कपाट कुठे पळून जात नाही. वाटेल तेव्हा उघडा, नाहीतर राहू दे. लोक काय, बोलतातच.

झुळूक७
+१. आमच्या आजीने आजोबांचा कोट कधीच दिला नाही. थंडीत स्वतः घालायची, वर टोपी.

सांजवेळ
😊 थँक्यू गं दोघींना.

जर्सीची_सून
अवांतर: आई विचारतेय, माहेरच्या माळ्यावरची पितळी पातेली निघालीत, कल्हई कुठे करून मिळेल? पुण्यात.

पोह्यांवर_शेव
कसब्यात तांबट आळीत विचारा. आतून नीट घासून न्या आणि भाव आधी ठरवा.

रत्नांग्रीकर
पातेली केवढी आहेत? जास्तीची असतील तर मला एक हवंय, आमटीला.